साहेबांचं पॅकेज ठरलं तेव्हा खोलीत कोण होतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की ब्रिटनमधल्या बहुतेक कुलगुरूंना तिथल्या पंतप्रधानांपेक्षा जास्त पगार मिळतो. एकच वाक्य होतं, पण त्यावर इतके मेल आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काहींनी रागावून लिहिलंय, काहींना खरंच समजून घ्यायचंय, आणि एकांनी तर "तुम्हाला एवढी पोटदुखी का" असंच विचारलंय, त्यांचा नंबर शेवटी. आधीच सांगून टाकते, मी काही वर्षं एका संस्थेच्या वेतन समितीचं इतिवृत्त लिहायचं काम केलंय, त्यामुळे मी अगदी तटस्थ वगैरे आहे असा दावा नाही.

प्रश्न: मुलगी विद्यापीठात शिकते, फी दरवर्षी वाढते. कुलगुरूंचा पगार ठरवतं कोण, सरकार की ते स्वतःच?
— एक पालक

उत्तर: स्वतः नाही, निदान कागदोपत्री तरी नाही. जगात ढोबळमानाने दोन पद्धती दिसतात. एकात सरकारच आकडा ठरवून देतं, घासाघीस नाही, सगळ्यांना एकच दर. भारतातल्या सरकारी विद्यापीठांचं तसंच आहे, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कुलगुरूंचा पगार महिन्याला २,१०,००० रुपये असा ठोक लिहिलाय आणि त्यावर ११,२५० रुपये विशेष भत्ता, मग विद्यापीठ छोटं असो नाहीतर अवाढव्य. दुसऱ्या पद्धतीत विद्यापीठ स्वायत्त असतं आणि त्याचं स्वतःचं नियामक मंडळ पगार ठरवतं. ब्रिटन, अमेरिकेतली खाजगी विद्यापीठं, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

या दुसऱ्या पद्धतीत नक्की काय होतं ते जरा सविस्तर सांगते कारण खरी गंमत तिथेच आहे. पंचवीस-तीस जणांचं मंडळ काही पगारावर चर्चा करत बसत नाही, ते एक छोटी वेतन समिती नेमतं, चार-पाच जणांची, त्यात बहुतेक बाहेरची माणसं, उद्योगातली, बँकेतली, एखादा निवृत्त सनदी अधिकारी. वर्षातून दोन-तीनदा बैठक. समोर फाइल येते, त्यात इतर विद्यापीठांच्या प्रमुखांना काय मिळतं याचा तक्ता, गेल्या वर्षीची उद्दिष्टं, आणि एक शिफारस. आता ही फाइल तयार कोण करतं? तर विद्यापीठाचा एचआर विभाग. आणि एचआरचे प्रमुख कुणाच्या हाताखाली काम करतात? बरोबर ओळखलंत. यात कुणी लबाडी करतंय असं मला म्हणायचं नाहीये, मी पाहिलेली माणसं चांगली होती, पण आपल्याच साहेबांच्या पगाराची फाइल बनवताना हात कुणाचा आखडेल?

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाचं प्रकरण यात सगळ्यात गाजलं. तिथल्या कुलगुरू ग्लिनिस ब्रेकवेल यांचा पगार २०१७ मध्ये ४,६८,००० पौंडांवर पोचला होता, देशात सगळ्यात जास्त पगार घेणाऱ्यांत त्यांचं नाव होतं. त्या स्वतः वेतन समितीच्या सदस्य होत्या. स्वतःचा विषय निघाला की त्या बाहेर जायच्या, म्हणजे नियम पाळला जात होता, पण विचार करा, बाकीचा सगळा वेळ त्या ज्यांच्या शेजारी बसून इतरांचे पगार ठरवायच्या तेच लोक पाच मिनिटांनी यांचा पगार ठरवणार. त्या वर्षी फेब्रुवारीत विद्यापीठाच्या एका मोठ्या सभेत वेतन समितीवर टीका करणारा ठराव आला, तो अगदी थोड्या मतांनी पडला, आणि तो पाडणाऱ्यांत खुद्द कुलगुरूंचंही मत होतं. पुढे इंग्लंडमधल्या तेव्हाच्या निधी मंडळाने चौकशी केली, नोव्हेंबर २०१७ मध्ये कारभारावर ताशेरे ओढले आणि त्याच महिन्यात ब्रेकवेल यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. जाताना गाडीसाठीचं सुमारे ३१,००० पौंडांचं बिनव्याजी कर्ज माफ होणार होतं, त्यावरून लोक आणखी भडकले. गंमत बघा, पगाराच्या लाखांपेक्षा ते गाडीचं कर्ज लोकांच्या जास्त लक्षात राहिलं.

त्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या विद्यापीठ मंडळांच्या अध्यक्षांच्या संघटनेने आचारसंहिता आणली. कुलगुरू वेतन समितीचे सदस्य असता कामा नयेत, समितीचं अध्यक्षपद मंडळाच्या अध्यक्षांकडे नको तर दुसऱ्या स्वतंत्र सदस्याकडे हवं, आणि स्वतःच्या पगाराच्या निर्णयात कुणीही भाग घ्यायचा नाही. वाचताना वाटतं हे तर उघडच आहे, पण ते लिहायला २०१८ साल उजाडावं लागलं.

तुमच्या फीबद्दल मात्र खरं सांगते, कुलगुरूंचा पगार शून्य केला तरी मोठ्या विद्यापीठात एका विद्यार्थ्यामागे फार काही वाचत नाही. प्रश्न तेवढ्या पैशांचा नाहीये, एकाचा आकडा असा ठरत असेल तर बाकीचे खर्च कसे ठरत असतील असा आहे.

प्रश्न: हे पगार नेहमी वरच का जातात? विद्यापीठ तोट्यात असलं तरी वर, नफ्यात असलं तरी वर.
— अर्थशास्त्राचा विद्यार्थी

उत्तर: तुलनेच्या तक्त्यामुळे. दहा जण उंचीप्रमाणे रांगेत उभे आहेत आणि प्रत्येकाला मधल्यापेक्षा थोडं उंच दिसायचंय, तर काय होईल? प्रत्येकजण टाचा उचलणार, मग मधलाच वर सरकणार, मग पुन्हा सगळे टाचा उचलणार. वेतन समितीत बसलेल्या कुणालाही "आपले कुलगुरू सरासरीपेक्षा कमी दर्जाचे आहेत" असं म्हणायचं नसतं, आणि मध्यापेक्षा कमी पगार देणं म्हणजे जवळजवळ तेच म्हणणं. म्हणून शिफारशीत नेहमी वरच्या निम्म्यातला आकडा येतो. त्यात तुलना कुणाशी करायची हेही आपणच निवडायचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येत आपण मोठ्या विद्यापीठांसारखे, संशोधनात नामांकित विद्यापीठांसारखे, शहर महाग म्हणून राजधानीतल्या विद्यापीठांसारखे, असं करत करत तक्त्यात फक्त आपल्यापेक्षा जास्त देणारेच उरतात.

आणि नवीन माणूस नेमताना तर समितीचे हात आणखी बांधलेले असतात. शोध घेणाऱ्या कंपनीने नाव आणलंय, मंडळाने होकार दिलाय, बातमी फुटायच्या बेतात आहे, अशा वेळी उमेदवार म्हणतो अजून पन्नास हजार हवेत, तर नाही म्हणायची हिंमत कुणाची? मोठं पॅकेज बहुतेक वेळा त्या आठवड्यात ठरतं, पुढच्या दहा वर्षांच्या बैठकांत फक्त त्यावर टक्के चढत जातात.

यातली एक गोष्ट मला स्वतःला पचायला जड गेली, ती म्हणजे पगार जाहीर केल्याने तो कमी होईलच असं नाही. यादी छापून आली की लोक संतापतात हे खरं, पण तीच यादी दुसऱ्या दिवशी वाटाघाटीत टेबलावर येते, बघा बाजूच्या विद्यापीठात काय देतात. अमेरिकेत उच्च शिक्षणावरचं एक नियतकालिक दरवर्षी विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या (म्हणजे तिथल्या कुलगुरूंच्याच म्हणा) पगारांची यादी देतं, ती विद्यार्थी संघटना वाचतात तशीच अध्यक्षांचे वकीलही वाचतात.

म्हणजे जाहीर करू नये का? करावं, पण आकड्याबरोबर कारणही. नुसता आकडा हा दुसऱ्यांसाठी बोलीचा आधार होतो, कारण लिहावं लागलं तर समितीला निदान घाम फुटतो.

प्रश्न: मी निवृत्त लेखापाल आहे. वार्षिक अहवालात कुलगुरूंचा एक आकडा असतो आणि वर्तमानपत्रात भलताच छापून येतो. खरा कोणता?
— आकड्यांत रमणारा वाचक

उत्तर: बहुतेकदा दोन्ही खरे असतात. साहेबांचा पगार हा एक आकडा नसतोच, ते गाठोडं असतं. मूळ वेतन, कामगिरीचा बोनस, पेन्शनमधला संस्थेचा वाटा, पेन्शनमधून बाहेर पडले असतील तर त्याबदली मिळणारी रोख रक्कम, राहायला घर किंवा घरभत्ता, गाडी, जोडीदाराचा प्रवासखर्च, आणि जाताना मिळणारी भरपाई. वर्तमानपत्र सगळं गाठोडं तोलतं, विद्यापीठाचा प्रवक्ता फक्त मूळ वेतन सांगतो.

बाथ स्पा नावाचं एक वेगळंच छोटं विद्यापीठ आहे त्याच शहरात, तिथल्या कुलगुरूंना त्यांच्या शेवटच्या वर्षात, २०१६-१७ मध्ये, एकूण ८,०८,००० पौंड मिळाल्याचं अहवालात दिसलं आणि खळबळ उडाली. उलगडून बघितलं तर पगार अडीच लाख, पद सोडण्याबद्दलची भरपाई ४,२९,०००, पेन्शनसाठी ८९,०००, आणि वीस-वीस हजार घरभत्ता व इतर सवलती. पगाराचा आकडा त्या मानाने साधाच होता, खरा मासा भरपाईच्या ओळीत होता.

इंग्लंडमध्ये विद्यापीठांवर देखरेख ठेवणारं ऑफिस फॉर स्टुडंट्स २०१८ मध्ये सुरू झालं, त्याने हिशेबांसाठी जे निर्देश दिले ते तुमच्यासारख्या माणसाला आवडतील. गाठोडं सोडून प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत द्यायची, हा पगार योग्य का वाटतो ते शब्दांत लिहायचं, प्रमुखांचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक, म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या, पगाराच्या किती पट आहे ते सांगायचं, आणि एक लाख पौंडांवर मूळ वेतन असलेले किती जण आहेत ते पाच-पाच हजारांच्या टप्प्यांत द्यायचं. तेव्हा अहवालाची चकचकीत पानं सोडा आणि थेट मागे हिशेबाच्या टिपांमध्ये जा, कर्मचारी खर्चाच्या टिपेत हे सापडतं.

अमेरिकेतल्या खाजगी विद्यापीठांचा मार्ग वेगळा. त्या ना-नफा संस्था, टॅक्स भरत नाहीत, पण त्याबदल्यात दरवर्षी टॅक्स खात्याला फॉर्म ९९० द्यावा लागतो आणि तो कुणीही मागून बघू शकतं. त्याला शेड्यूल जे म्हणून एक जोडपत्र असतं. माझ्या मते सरकारी कागदांमध्ये इतकं मजेशीर पान दुसरं नसेल, कारण त्यात चौकटीत टिक करून सांगावं लागतं की विमानाचा फर्स्ट क्लास किंवा चार्टर प्रवास दिला का, सोबत्याचा प्रवास दिला का, घरभत्ता दिला का, क्लबची वर्गणी भरली का, आणि घरकामाला माणूस, ड्रायव्हर, खानसामा अशा वैयक्तिक सेवा दिल्या का. एवढं सगळं सुचायला आधी कुणीतरी ते घेतलेलं असणार ना!

या शेड्यूल जेमध्ये तुमच्यासाठी एक सापळाही आहे. अध्यक्षांना बऱ्याचदा "पाच वर्षं राहिलात तर अमुक रक्कम" असं पुढे ढकललेलं मानधन असतं. ते दरवर्षी थोडं थोडं जमा होताना एकदा दाखवलं जातं आणि हातात पडतं त्या वर्षी पुन्हा एकदा दिसतं. आधीच्या वर्षांत किती दाखवून झालंय ते सांगणारा एक रकाना अगदी उजवीकडे टोकाला असतो, तो न बघता बेरीज केली की तेच पैसे दोनदा मोजले जातात. सरकारी विद्यापीठं हा फॉर्म भरत नाहीत सहसा, पण गंमत तीच. पेन स्टेट विद्यापीठाचे माजी अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांचा २०११-१२ चा आकडा २९ लाख डॉलरच्या पुढे गेला आणि त्या वर्षी सरकारी विद्यापीठांच्या यादीत ते पहिले आले, पण त्यातले सुमारे १२ लाख पद सोडतानाचे आणि जवळजवळ तेवढेच पुढे ढकललेल्या मानधनाचे होते. एका वर्षाचा आकडा बघून कुणाचा पगार ठरवू नका, तीन-चार वर्षं शेजारी शेजारी मांडा.

प्रश्न: पगार ही खाजगी बाब आहे असं सांगून विद्यापीठ माहिती नाकारू शकतं का?
— पीएचडी करणारी

उत्तर: देशावर अवलंबून. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १९९६ पासून कायदाच आहे, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांमध्ये ज्याला वर्षाला एक लाख डॉलर किंवा जास्त मिळतात त्याचं नाव, पद, पगार दरवर्षी मार्चअखेर जाहीर. लोक त्याला सनशाइन लिस्ट म्हणतात. एक लाखाची मर्यादा तेव्हापासून बदललेलीच नाही, त्यामुळे आता त्यात कुलगुरूंबरोबर साधे प्राध्यापकही ढिगाने येतात आणि यादी इतकी लांबलीये की शोधायचं काय हेच कळेनासं होतं. ऑस्ट्रेलियात बऱ्याच विद्यापीठांच्या अहवालात नाव न देता टप्पे देतात, अमुक ते तमुक डॉलरच्या टप्प्यात एक अधिकारी, आता सगळ्यात वरच्या टप्प्यात एकटाच कोण बसलाय ते ओळखायला काही पीएचडी लागत नाही. तिथे २०२५ मध्ये संसदेच्या सिनेटच्या समितीने विद्यापीठांच्या कारभाराची चौकशी केली तेव्हा हे पगार पुन्हा ऐरणीवर आले. भारतात माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये प्रत्येक अधिकारी आणि कर्मचाऱ्याचं मासिक वेतन संस्थेने स्वतःहून जाहीर करायचंय, अर्ज यायची वाट बघायची नाही. पण जी खाजगी विद्यापीठं सरकारी पैशावर चालत नाहीत त्यांच्याकडून हे काढणं अवघड.

तुम्ही विचाराल तेव्हा आकडा मागू नका, तो कुठे ना कुठे मिळतोच. वेतन समितीचं इतिवृत्त मागा. ब्रिटनमध्ये प्राध्यापकांच्या संघटनेने माहिती अधिकारातून अनेक विद्यापीठांकडे ते मागितलं तेव्हा कितीतरी ठिकाणांहून नकार आला किंवा काळी पट्टी मारलेली पानं आली. काळी पट्टी कुठे मारलीये त्यावरूनही बरंच कळतं म्हणा.

प्रश्न: मला नुकतंच एका विद्यापीठाच्या मंडळावर घेतलंय आणि पहिल्याच बैठकीत वेतन समितीवर टाकलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय विचारू?
— नवा सदस्य

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण कळत नाही हे कबूल करणारा सदस्य मी तरी त्या खोलीत कधी पाहिला नाही.

सगळ्यात आधी पूर्ण कॉन्ट्रॅक्ट मागा, सारांश नको. का ते सांगते. कॅनडातल्या वेस्टर्न युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष अमित चकमा यांचं नाव २०१५ च्या मार्चमध्ये त्याच सनशाइन लिस्टमध्ये आलं, आदल्या वर्षात मिळालेले ९,२४,००० डॉलर. त्यांचा पगार होता ४,४०,०००. मग दुप्पट कसा? तर कॉन्ट्रॅक्टमध्ये एक कलम होतं की पाच वर्षांची मुदत संपल्यावर एक वर्ष पगारी रजा, आणि रजा न घेता काम चालू ठेवलं तर त्या वर्षाचा पगार रोख. त्यांनी काम चालू ठेवलं आणि रोख घेतली. बेकायदेशीर काहीच नव्हतं, सही मंडळाच्या वतीनेच झालेली होती, पण प्राध्यापक आणि विद्यार्थी असे खवळले की त्यांनी ४,४०,००० परत केले, माफी मागितली, विद्यापीठाच्या सिनेटमध्ये अविश्वासाचा ठराव आला तो पडला, आणि मंडळाला एका निवृत्त न्यायाधीशांकडून आपल्याच कारभाराची तपासणी करून घ्यावी लागली. आता ते कलम लिहिलं गेलं त्या दिवशी मंडळातल्या किती जणांनी ते वाचलं असेल असं तुम्हाला वाटतं? माझा अनुभव म्हणाल तर लोक मूळ वेतनाच्या दोन-तीन टक्क्यांवर अर्धा तास घालवतात आणि रजा, पेन्शन, मुदतीआधी काढलं तर काय द्यायचं, या पानांवरून पटापट पुढे जातात. तुम्ही उलटं करा. मुदत संपल्यावर काय, आणि मधेच काढलं तर काय, ही दोन पानं दोनदा वाचा.

दुसरं, तुलनेच्या तक्त्यात कोणती विद्यापीठं घेतली आणि कुणी निवडली ते विचारा आणि मागच्या वर्षी हीच होती का तेही विचारा. यादी दरवर्षी थोडी थोडी बदलत असेल तर कान टवकारा. सल्लागाराला कुणी नेमलंय, समितीने की कुलगुरू कार्यालयाने?

तिसरं इतिवृत्ताचं. यात अमेरिकन कायद्याची युक्ती मला आवडते, कुठल्याही देशातल्या समितीने उचलावी अशी आहे. १९९६ च्या कायद्याने तिथल्या ना-नफा संस्थांना असं सांगितलंय की वाजवीपेक्षा जास्त मोबदला घेतला तर जास्तीच्या रकमेवर घेणाऱ्याला २५ टक्के दंडाचा कर, आणि वेळेत परत केली नाही तर २०० टक्के. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्यांनाही १० टक्के, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या खिशाला हात. पण तीन गोष्टी केल्या असतील तर मोबदला वाजवी आहे असं गृहीत धरतात आणि तो नाही हे दाखवायची जबाबदारी टॅक्स खात्यावर जाते. एक, निर्णय घेणाऱ्यांत हितसंबंध असलेलं कुणी नव्हतं. दोन, तुलनेची माहिती समोर होती. तीन, का ठरवलं हे त्याच वेळी लिहून ठेवलं. त्याच वेळी, हं! आम्ही इतिवृत्त लिहायचो ते बैठकीनंतर तीन आठवड्यांनी, "सविस्तर चर्चेअंती मान्य" एवढंच, आणि पुढे कुणी विचारलं तर सविस्तर म्हणजे काय हे कुणालाच आठवायचं नाही, मलासुद्धा.

खर्चाकडेही बघत जा, पगारात न दिसणाऱ्या. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत २००५ मध्ये अध्यक्ष बेंजामिन लॅडनर यांना जावं लागलं ते पगारापायी नाही, एका निनावी पत्रानंतर वैयक्तिक आणि प्रवासखर्चाचं ऑडिट झालं त्यापायी. समितीने मंजूर केलेला आकडा चोख असतो आणि क्रेडिट कार्ड दुसऱ्याच दिशेला चाललेलं असतं, असं होऊ शकतं.

प्रश्न: आम्हाला दोन टक्के वाढ, वर दहा टक्के. पटीचा आकडा जाहीर केला की हे थांबेल का?
— तासिका तत्त्वावरची अध्यापिका

उत्तर: थांबणार नाही, पण लाज वाटायला मदत होईल. पट म्हणजे प्रमुखांचा पगार भागिले कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार, सगळे पगार रांगेत लावले तर बरोबर मधला. ऐकायला सोपं, पण रांगेत कुणाला उभं करायचं यावर सगळं ठरतं. सफाई, सुरक्षा, कँटीन हे सगळं बाहेरच्या कंपनीला दिलं की कमी पगाराची माणसं रांगेतूनच गायब होतात, मध्यक वर सरकतो आणि पट आपोआप कमी दिसते, कुलगुरूंचा एक पैसाही कमी न होता. उलट ज्या विद्यापीठाने सफाई कामगारांना नोकरीत ठेवलंय त्याची पट वाईट दिसते! तुमच्यासारख्या तासांवर काम करणाऱ्यांना धरलंय का, धरलं तर पूर्णवेळ पगारात बदलून धरलंय का, हेही बघा. म्हणून दोन विद्यापीठांची पट एकमेकांशी लावू नका, एकाच विद्यापीठाची पाच वर्षांची लावा, आणि मधेच एखाद्या वर्षी ती एकदम सुधारलेली दिसली तर त्या वर्षी काय बाहेर दिलं ते शोधा.

प्रश्न: ही माणसं एवढी मोठी संस्था चालवतात, तुम्हाला एवढी पोटदुखी का? कंपनीचा सीईओ याच्या कितीतरी पट घेतो. आणि स्वतःहून पगार कमी करून घेणारा कुणी पाहिलाय का? तुम्ही घ्याल?
— स्पष्टवक्ता

उत्तर: काम मोठं आहे हे मान्य, हजारो कर्मचारी, दवाखाने, प्रयोगशाळा, वसतिगृहं, रात्री दोनला येणारे फोन, मी जवळून पाहिलंय आणि मला कुणी फुकट दिलं तरी ती नोकरी नको. पण सीईओ चुकला तर शेअरवाले शेअर विकून बाहेर पडतात, विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला कुठे जाणार? करदाता कुठे जाणार? बरं, एवढ्या पगाराला हरकत नाही म्हणणारं सरकारही मग कर लावतं, अमेरिकेत २०१७ च्या कायद्यानंतर ना-नफा संस्थेने वरच्या अधिकाऱ्याला वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर दिलं तर वरच्या भागावर २१ टक्के कर, आणि तो भरायचा संस्थेने, अधिकाऱ्याने नाही. म्हणजे पुन्हा पैसे विद्यापीठाचेच गेले. कायदा करणाऱ्यांना यातून पगार कमी होतील असं वाटलं असेल, पण ज्याला घ्यायचे त्याच्या खिशाला चटका कुठे बसतोय?

स्वतःहून कमी करणारे आहेत. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा ब्रिटनमधल्या बऱ्याच कुलगुरूंनी काही महिने २० टक्के पगार सोडला. पण मला आठवतो तो अमेरिकेतल्या केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीचा किस्सा. २०१४ मध्ये रेमंड बर्स तिथे हंगामी अध्यक्ष म्हणून आले, ऐंशीच्या दशकात तेच तिथे अध्यक्ष होते, मधे मोठ्या कंपनीत वरच्या पदावर काम करून निवृत्त झालेले. पगार ठरला होता जवळजवळ साडेतीन लाख डॉलर. त्यांनी मंडळाला विचारलं की इथे तासाला १०.२५ डॉलरपेक्षा कमी मिळणारे किती जण आहेत, उत्तर आलं चोवीस, त्यातल्या काहींना ७.२५ मिळत होते. मग त्यांनी स्वतःच्या पगारातून ९०,००० डॉलरहून थोडे जास्त कापून घेतले आणि त्या चोवीस जणांना १०.२५ वर आणलं. आणि हे मंडळासमोर, पगार मंजूर व्हायच्या वेळी.

आणि मी घेईन का? माझं या सदराचं मानधन संपादक ठरवतात, त्या मीटिंगला मी नसते. आकडा हवा असेल तर मेल करा, कळवते.